निम्म्या वेगातली होडी

मोबाइलवर गिटार शिकणं सोपं आहे. स्क्रीनवर सहा रेघा म्हणजे सहा तारा; रेघेवरचा आकडा म्हणजे त्या तारेवर कितव्या घरात बोट ठेवायचं. रेघा आपोआप पुढे सरकतात. बोटं सरकत नाहीत, एवढंच. म्हणून मी वेग निम्म्यावर आणला आणि आठ महिने तिथेच मुक्काम केला. तेवढ्या काळात करंजाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमधून तिघं फ्लॅट विकून गेले. चौथ्याचं गिऱ्हाईक जिन्यातूनच परतलं.

एक दिवस खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. मूळच्या उरणच्या. मी माफी तयार ठेवली होती.

"ते होडीचं गाणं वाजवतोस ना, ते आमी दोघं जोडीनं गायचो," त्या म्हणाल्या. "अर्धांगाचा झटका आल्यापासून यांचा शब्द उशिरा येतो, म्हणून तोंडच उघडत नाय. सोसायटीच्या पूजेला तू वाजव, मी गाते. दुसरं कडवं यांचं. गायले तर गायले."

मी लगेच वेग पूर्ण केला. बोटांची अशी गाठ बसली की बायकोनं खोबरेल लावून सोडवली. पुन्हा निम्म्यावर आलो.

पूजेच्या दिवशी मोबाइल शिऱ्याच्या पातेल्याला टेकवला आणि सुरू केलं. मूळ गाण्यात होडी दोन कडव्यांत किनाऱ्याला लागते. माझ्या हातात ती भरतीला निघून ओहोटीच्या चिखलात रुतली. एका सुरावरून दुसऱ्यावर मी पोहोचेपर्यंत काकूंनी चार जणांना प्रसाद दिला.

"रेंज नाय का रे याला?" मागून कुणीतरी विचारलं.

पहिलं कडवं संपलं. काकू गप्प झाल्या. त्यांनी काकांकडे पाहिलंसुद्धा नाही, पातेल्याकडे बघत राहिल्या. मी वाजवत होतो. प्लास्टिकच्या खुर्चीत काका मान खाली घालून बसले होते. मग एक शब्द आला. बऱ्याच वेळानं दुसरा. काकूंच्या हातातला शिऱ्याचा द्रोण तिरका झाला, तो तसाच राहिला.

तिसऱ्या शब्दाला काका थांबले. माझा सूर अजून यायचा होता. त्यांनी मान वर केली.

"ये... की... लवकर."

आठ महिन्यांत मला पहिल्यांदाच कुणी वेग वाढवायला सांगत होतं. मी वाढवला नाही. वाढवता येत नव्हता. काका ओळ संपवायचे आणि माझी वाट बघत बसायचे.