मगरीबनंतर जागणारी गल्ली

"घर बघायला बाई कशाला लागते?" हे वाक्य मी कुवेतच्या धक्क्यावर उतरल्या दिवशीच ऐकलं, आणि तिथेच ठरवलं की ह्या माणसाशी आपलं काही पटायचं नाही. तो माणूस म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतचाचा. आमच्या गावचे जे कोण कुवेतला कामाला होते ते सगळे बाजारामागच्या एका खोलीत दाटीवाटीने राहायचे. त्या खोलीचे कारभारी हे चाचा. नवऱ्याला सेठच्या गोदामावर त्यांनीच चिकटवलं होतं. त्यामुळे चाचा बोलले की माझा नवरा मान हलवायचा. मी हलवत नसे, हीच सगळी अडचण.

आमचं गाव रत्नागिरीच्या खाडीकाठी. तिथली रीत अशी की पुरुष परमुलखात जाणार आणि बायको गावी. कुणी बोटीवर, कुणी आफ्रिकेत, कुणी आखातात. दोन-तीन वर्षांनी माणूस येई, अत्तर वाटी, एखादं पोर पदरात टाकून परत जाई. ह्याच चाचांची बायको, आमची चाची, आमच्या शेजारी राहायची. दिवेलागण झाली की पडवीत येऊन खाडीकडे तोंड करून बसायची. बोट त्या दिवशी येणार नाही हे तिला ठाऊक असायचं, तरी बसायची. एकदा चाचा रजेवर आले तर धाकटा मुलगा तिच्या मागे लपून विचारतो, "अम्मा, हा माणूस कधी जाणार?" सगळे हसले. चाची हसली नाही. मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते आणि मनाशी म्हटलं, अगो बाय, मेले तरी असं बसायचं नाही.

निकाह झाल्यावर मी नवऱ्याला साफ सांगितलं, जाल तिथे मी येणार. तो माणूस वाईट नव्हता, पण जमातीला भिऊन असे. शेवटी त्याने तोड काढली, "चल. थंडी पडेपर्यंत राहून बघ. नाही जमलं तर पुढच्या बोटीने गावी, आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही." मी हो म्हटलं. म्हणजे त्या दोन-तीन महिन्यांत माझं काय ते ठरणार होतं. जमलं तर नवऱ्याबरोबर संसार, नाही जमलं तर चाचीशेजारची पडवी.

घर चाचांनी आणि खोलीतल्या माणसांनी आधीच बघून ठेवलं होतं. खैतानला, शहरापासून लांब, वाळूत. तेव्हा तिथे नवी घरं उठत होती, सिमेंटचा वास अजून गेला नव्हता. घर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? नळाला पाणी, डोक्यावर पंखा, भोवती माणसाच्या उंचीची भिंत. चाचा म्हणाले, "शांत जागा आहे. अब्रूदार. कुणाची नजर पडायची नाही." नजर पडायला तिथे होतं कोण? भिंतीपलीकडे एक बकरी होती, तिच्याशीच मी दिवसभर बोलायची.

नवरा पहाटे सेठच्या लॉरीतून जायचा, यायचा तो रात्री, इशाची अजान झाल्यावर. दिवसा बाहेर पाय ठेवावा तर ऊन सोलून काढी. जरा ऊन उतरलं की सूर्यास्ताची मगरीब, आणि मगरीब झाली की आमची कोकणची शिस्त आडवी येई, दिवेलागणीनंतर बाईने उंबरठा ओलांडायचा नाही. आता तुम्हीच सांगा. गावी ही शिस्त चालते, कारण तिथे दिवसभर बाई विहिरीवर, खाडीवर, शेजारणीकडे हिंडलेली असते. इथे दिवसा ऊन सोडत नाही आणि संध्याकाळी जमात सोडत नाही. मग बाई बाहेर पडणार कधी, मेल्यावर? ह्या शहाण्यांनी गावची शिस्त बोटीत घालून वाळवंटात आणली आणि ती इथे बसते का, हे बघायचं कुणालाही सुचलं नाही.

घरही त्यांनी तसंच निवडलेलं. शुक्रवारी दुपारी, सुट्टी बघून, भर उन्हात. गावी घर बघायचं तर दिवसाउजेडी बघतात ना, म्हणून. दुपारी कुवेतमध्ये सगळंच मुडद्यासारखं पडलेलं असतं. खैतानही आणि बाजारही. मग ह्यांना दोन्हींत फरक काय दिसणार?

मी वाळले. जेवण जाईना. एकदा नवरा आला तर मी दिवाही न लावता भिंतीला टेकून बसले होते, तो घाबरला. चाचांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "बघितलंस? बायकांना परदेश मानवत नाही. तिकिटाचं बघतो मी." हे ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाळवंट मला मानवत होतं हो, ती भिंत मानवत नव्हती.

नवऱ्याला म्हटलं, "गावी जायचंच असेल तर जाईन. पण आधी मला शहर दाखवा. धक्क्यावरून थेट ह्या वाळूत आणून टाकलंत, मी कुवेत बघितलंय कुठे?" पुढच्या शुक्रवारी सेठची लॉरी माल आणायला निघाली होती, तिच्यातून आम्ही गेलो. पोचलो तेव्हा भरदुपार. छपराखालचा बाजार, दोन्हीकडे बंद लाकडी दारं, एक मांजर झोपलेलं. नवरा म्हणाला, "बघ, काय आहे इथे? धूळ. आणि संध्याकाळी पुरुषांची ही गर्दी. चल, लॉरी निघेल."

मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

"ऊठ," तो म्हणाला.

"नाही उठत. मगरीबनंतर कसं दिसतं ते बघूनच जाईन."

"अगो, लॉरी जाईल."

"जाऊ दे. तुम्ही पण जा हवं तर."

तो बिचारा कधी लॉरीकडे बघे, कधी माझ्याकडे. कपाळाचा घाम पुसे. बायकोला भरबाजारात टाकून जावं तर नामुष्की, बसावं तर चाचा. शेवटी लॉरी सुटल्याचा आवाज आला आणि तो माझ्याशेजारी येऊन धपकन बसला. त्या बसण्यासाठी मी त्याला पुढे आयुष्यभर पुष्कळ गोष्टी माफ केल्या.

दुपार कलली, असरची नमाज झाली आणि एकेक दार उघडू लागलं. कुणी पाणी शिंपडलं, कुणी कापडाचे तागे बाहेर काढले, कॉफी कुटल्याचा आवाज येऊ लागला. आणि मग काळ्या पायघोळ अबाया घातलेल्या म्हाताऱ्या बायका डोक्यावर गाठोडी घेऊन एकापाठोपाठ एक आल्या आणि जमिनीवर फतकल मारून बसल्या. सुरमा, गोटा-किनार, मुलांची झबली, फण्या, सगळं पुढ्यात मांडून. पुरुषांशी खणखणीत आवाजात घासाघीस करू लागल्या. तो बायकांचा बाजार होता. विकणाऱ्या बायका, पिढ्यान्‌पिढ्या! आणि आमची जमात मला सांगत होती की कुवेतच्या बाजारात बाईमाणूस दिसत नाही.

त्यांतली एक म्हातारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि माझ्यावर ओरडली. अरबी मला येत नव्हतं, पण बोट दाखवून ओरडणाऱ्याचं सगळ्यांना कळतं. मी तिच्या जागेवर बसले होते. मी सरकले, पण उठले नाही. तिने मला नीट न्याहाळलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "बंबई?" मी म्हटलं, "रत्नागिरी." तर ही हसायला लागली! तिचा नवरा नाखवा होता, गलबत घेऊन आमच्या किनाऱ्यावर लाकूड न्यायला यायचा. तिची हिंदी त्याच्याकडून आणि बाजारातून गोळा केलेली. नाखवा आता राहिला नव्हता. गल्लीत तिचं मातीचं जुनं घर होतं आणि वरची खोली रिकामी होती.

दिवे लागले. माणसं वाढली. चहाच्या दुकानासमोर बाकांवर म्हातारे गप्पा मारत होते, पोरं धावत होती, बायका घोळक्याने ह्या दुकानातून त्या दुकानात जात होत्या, समुद्राकडून वारा येत होता. माशांच्या बाजारात आमचाच सरंगा होता, पापलेट हो, फक्त त्याला झुबैदी म्हणत. मी त्या संध्याकाळी चालले, चालले, पाय दुखेपर्यंत चालले. नवरा मागून पिशवी घेऊन. मला रडू आलं आणि मी बुरख्याआड डोळे पुसलेही नाहीत.

"हे घर हवं मला," मी म्हातारीच्या वरच्या खोलीत उभी राहून सांगितलं. नळ नव्हता, पाणी गाढवावरून यायचं. पंखा नव्हता, उन्हाळ्यात गच्चीवर झोपावं लागलं असतं. भिंतीची माती हाताला लागायची. नवरा म्हणाला, "खैतानचा नळ सोडून हे?" मी म्हटलं, "नळाशी बोलता येत नाही."

खोलीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. आमच्या गावची बाई बाजारात राहणार! नवऱ्याला निरोप आला, शुक्रवारी खोलीवर ये, बोलायचंय. बोलायचं काय ते मला ठाऊक होतं. मुंबईची बोट लागली होती. नवरा रात्रंदिवस मूग गिळून बसला. तो एकटा तिथे गेला असता तर मान हलवून आला असता, हेही मला ठाऊक होतं.

म्हातारीला मी हे सांगितलं. तिने गाठोड्याची गाठ मारली. मग म्हणाली, त्यांच्या वेळी गलबतं मोत्यांसाठी, मालासाठी महिनोन्‌महिने जायची. मुदत उलटली की सगळ्या बायका किनाऱ्यावर जमायच्या आणि खजुराच्या जळत्या फांद्या समुद्रात खुपसून त्याला चटके द्यायच्या. पुरे झालं, आमची माणसं परत दे म्हणून दम द्यायच्या. मी थक्क झाले. आमच्या बायका त्याच समुद्रापुढे पडवीत गप्प बसून राहतात.

त्या शुक्रवारी मगरीब झाल्यावर मी बुरखा घातला आणि नवऱ्याबरोबर निघाले. तो म्हणाला, "तू कुठे? तिथे सगळे पुरुष आहेत." मी म्हटलं, "माझ्याबद्दल बोलायचंय ना? मग मी नको?" गावच्या खोलीत बाईचा पाय तोवर पडला नव्हता. दारात मला बघून आत एकच धांदल उडाली. कुणी सदरा शोधतोय, कुणी लुंगी सावरतोय, एकाने तर भात ढवळायचा चमचा हातात घेऊन भिंतीकडे तोंड केलं. चाचा तेवढे जागचे हलले नाहीत.

"पोरी, इथे काय काम?" ते म्हणाले.

"तिकीट काढायचं म्हणत होतात ना, चाचा? त्यासाठीच आले."

"आता उमजलं तुला."

"उमजलं. काढा तिकीट. पण गावाकडून इकडचं काढा. चाचीचं."

चमचेवाल्याने भात उतरवून ठेवला. चाचांचा चेहरा लाल झाला. त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं, ह्याने आता बायकोला झापावं म्हणून. नवरा पुढे झाला. तो म्हणाला, "चाचा, घर ठरलंय आमचं. बोटीचं राहू द्या." आवाज कापत होता, पण बोलला. मला त्याला तिथेच सलाम करावासा वाटला.

चाचांनी आमच्याशी बोलणं टाकलं. गल्लीत समोरून आले तर रस्ता बदलायचे. मी मात्र रोज मगरीबनंतर त्याच गल्लीतून फिरायची, मुद्दाम, ताठ मानेने. जमात नावं ठेवत होती, ठेवू दे. नावं ठेवून काय पायातली चप्पल काढून घेणार होते?

पुढे कुवेतमध्ये चालणारा आपला रुपया जाऊन दिनार आला, त्यानंतरच्या थंडीत एक दिवस चाचा जिन्याखाली येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती आली आहे. मागच्या गल्लीत खोली घेतलीये. तुला वेळ असला तर." आणि निघून गेले. कसं आणलं, का आणलं, त्यांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

चाची खोलीत भिंतीला टेकून बसली होती. केस पांढरे झाले होते. संध्याकाळ झाली तशी तिने सवयीने दार लोटलं. "दिवेलागण झाली गो," ती म्हणाली.

"झाली ना? मग ऊठ. आता तर निघायचं."

पहिल्या दिवशी तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगड्या रुतल्या. आठवडाभराने ती माझ्यापुढे चालायला लागली. म्हातारीच्या पुढ्यात बसून तिच्याशी कोकणीत बोलायची, म्हातारी अरबीत बोलायची आणि दोघींचं छान जमायचं.

एका संध्याकाळी आम्ही समुद्रापर्यंत जाऊन परतलो तर बराच उशीर झाला होता. चाचा कामावरून लवकर आले होते, किल्ली चाचीकडे, दाराला कुलूप. ते पायरीवर बसले होते, रुमाल गुडघ्यावर, गल्लीच्या तोंडाकडे डोळे लावून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाची वाट बघितली असेल. चाचीने लांबूनच त्यांना पाहिलं आणि थांबली. मला वाटलं आता ही घाबरून धावत सुटणार. तिने कमरेची किल्ली काढली आणि शांतपणे चालत जाऊन त्यांच्या हातात दिली.

"भात झाकून ठेवलाय," ती म्हणाली, "तुम्ही जेवून घ्या. मी आणखी एक फेरी मारून येते."