सोनगीरच्या टेकडीवरचा थकलेला संच

गिरधरचा जीव सोनगीरजवळच्या टेकडीवरच्या एका पत्र्याच्या पेटीत अडकला होता. धुळ्याच्या कचेरीत तो वायरलेस मेकॅनिक. बुराई नदीच्या काठी आणि नाल्यांवर त्याने संच बसवले होते. पाणी किती चढलं ते हे संच माणसाशिवाय एकमेकांना कळवत, आणि निरोप हातोहात धुळ्याला पोहोचे. पण चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात टेकडीवरच्या पेटीतला संच सारखा बंद पडू लागला. साहेबांनी सांगून टाकलं, आता पुराचा निरोप चुकला तर सगळे संच उतरवायचे आणि काठावर चौकीदार बसवायचे.

गिरधर पुन्हा भरलेली बॅटरी खांद्यावर घेऊन निघाला. सोबत नव्या इंजिनियर कुंदाबाई होत्या. पायथ्याच्या शेतात वना नावाच्या शेतकऱ्याची कोळपणी चालली होती. वनाची बायको झुंबरबाई बांधावरून म्हणाली, "गिरधरभाऊ, पेटी परत आजारी का?"

"सगळ्यांत उंच तीच, भरवशाची तीच. म्हणून सगळे संच तिच्याकडेच निरोप देतात. ऊन नाही, म्हणून सौर पट्टीवर बॅटरी भरत नाही."

"म्हंजे बठ्ठा भार एकलीवरच? सावड नही का तुम्हनामा?"

आज वनाची जोडी, उद्या शेजारच्या जीवरामची, अशी त्यांची बैलांची सावड होती. गिरधर हसला. कुंदाबाई मात्र चढणीवरच थांबल्या.

"गिरधरभाऊ, प्रत्येक संचाने आपली बॅटरी किती उरली तेही सांगितलं तर? ज्याच्यात दम आहे, त्याच्याकडून निरोप न्यायचा."

"नरडाण्याच्या संचावरून फेरा पडेल, बाई. वाटेत हरवला तर?"

"पोच आली नाही तर दुसऱ्या वाटेने पुन्हा पाठवायचा."

गिरधरचा विश्वास बसेना. तरी त्याने एकेका संचाची चिप बदलली.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी धो धो पाऊस सुरू झाला. कचेरीत सगळे निरोप छापणाऱ्या यंत्राभोवती जमले. वीज कडाडली आणि टेकडी गप्प झाली. साहेब खुर्चीतून उठले.

यंत्र खडखडलं. कागदावर बुराईच्या पाण्याचा आकडा उमटला, आणि पाणी भराभर चढत होतं.

"टेकडी बंद आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"बंद शे, साहेब." गडबडीत गिरधरच्या तोंडून घरचीच बोली निघाली.

"मग हा निरोप कुठून आला?"

"नरडाण्यावरून," कुंदाबाई म्हणाल्या.

साहेबांनी फोन उचलला आणि काठच्या गावाला गुरं वर न्यायला सांगितलं. फोन ठेवून ते गिरधरकडे वळले.

"चौकीदारांचं राहू द्या. पलीकडच्या नाल्यावर संच कधी बसवता?"