भावोजींची पाणीपाळी

पुण्यात रागीट माणसांची टंचाई कधीच नव्हती, पण रानडुकराला "आपण जरा लवकर आलात" असं बजावणारा माणूस अख्ख्या जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझ्या नशिबी थोरला दीर म्हणून आला. नारायण पेठेतल्या दोन खोल्या सोडून दोघा भावांनी खडकवासल्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी भिंतीला भिंत लावून दोन घरं बांधली. मोकळी हवा लागली की भावोजींचा पारा उतरेल, असं मला तेव्हा वाटलं होतं. कसला उतरतोय! पेठेत चिडायला नुसती माणसं होती, इथे त्यांना अख्खा डोंगर मिळाला. तसा राग मलाही येतो, चांगला सणसणीत येतो, पण मी तो माणसांवर काढते. भावोजींनी माणसं केव्हाच सोडून दिली होती.

नोकरीभर ते पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. खडकवासल्यातून निघालेलं पाणी पार लोणी काळभोरच्या पुढपर्यंत जातं, आणि वाटेत कोण रात्रीतून पाईप टाकतो, कोणाच्या उसाला पाळी नसताना पाणी पोचतं, हे धरायचं हे त्यांचं काम. ओली माती बघून ते चोर ओळखायचे म्हणे. लोणीचे एक म्हातारे शेतकरी एकदा घरी आले होते, ते मला म्हणाले, "वहिनी, तुमचा दीर लई वंगाळ माणूस. पर त्यो व्हता तवर शेवटच्या शेताला पानी मिळायचं, ह्ये बी खरं हाय." भावोजी आतून ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, "तो पाईप काढलात का अजून तसाच आहे?" बिचाऱ्याने चहा अर्धा टाकला.

तर निवृत्तीनंतर या माणसाने मागच्या अंगणात गुरांना असते तशी सिमेंटची डोण बसवली, कारण उन्हाळ्यात डोंगर कोरडा पडतो. इथपर्यंत कुणीही त्यांना दयाळू म्हणेल. म्हणू नये. कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी डोंगरातल्या समस्त जनावरांना पाणीपाळी ठरवून दिली. सकाळी मोर, दुपारी वानरं, दिवेलागणीनंतर रानडुकरं आणि उदमांजर. मुंगसाला मात्र वेळ नव्हती. ते दिवसभर कुंपणाच्या कडेकडेने फिरत असायचं म्हणून भावोजी त्याला खात्यातलाच समजत आणि "फिरतीवर असतो तो" म्हणून सोडून देत. बाकी कुणालाही सवलत नव्हती. वानरांची टोळी सकाळीच उतरली की हे पायरीवर उभे. "अहो, आत्ता कुणाची पाळी आहे? वाचता येत नाही, ठीक आहे, पण ऊन तरी कळतं ना?" वानरं पाणी पीत. एखादी माकडीण पोटाशी पिल्लू घेऊन आली की म्हणत, "मूल दाखवून काही उपयोग नाही." आणि मग सावकाश पाठ फिरवून तुळशीकडे बघत उभे राहत, कारण निरीक्षकाला जे दिसलं नाही ते घडलं नाही, असा त्यांच्या खात्यातला जुना रिवाज होता.

मला संताप यायचा तो याचा, की सगळा उच्छाद माझ्या बाजूला. पाणी पिऊन झालं की ही मंडळी कुंपण ओलांडून माझ्या अळूत, माझ्या केळीत, माझ्या रताळ्यांत. एकदा डुकरांनी रताळ्याचे सगळे वाफे नांगरल्यासारखे उकरून ठेवले. मी तणतणत भावोजींकडे गेले आणि म्हटलं, आता तारेचं कुंपण घालायचं म्हणजे घालायचं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तुमची रताळी आपल्या लाभक्षेत्रात येत नाहीत." मला लग्न होऊन आल्यापासून ते 'अहो तुम्ही' म्हणतात, आणि त्या दिवशी त्या 'तुमची'चा मला जेवढा राग आला तेवढा डुकरांचाही आला नसेल. चांगले काही दिवस मी त्यांच्याकडे भाजीची वाटी पाठवली नाही. आमचे हे दोन्हीकडून बोलणी खात होते. त्यांची ती सवयच आहे.

पाहुण्यांची तऱ्हा आणखी वेगळी. शहरातून कुणी आलं की मोर बघून वेडं व्हायचं. अय्या मोर, केवढा जवळ, थांब थांब, फोटो काढते. भावोजी खुर्चीतून म्हणत, "घेऊन जा. जाताना त्याचा आवाजही न्या, पहाटे चारला उपयोगी पडतो." माझ्या कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यावरून तोच मोर वरात निघाल्यासारखा चालत गेला, तेव्हा मात्र भावोजी माझ्या बाजूने उभे राहिले. काठी आपटून म्हणाले, "आपल्याला राष्ट्रीय केलं म्हणजे कुरडयांवरून चालायला परवानगी दिली असं नाही." आयुष्यात ते माझ्या बाजूने बोललेले मला आठवतात ते एवढेच शब्द.

मग ते पडले. वानर त्यांची छत्री घेऊन चाललं होतं, हे मागे धावले, पायरीवर पाय सरकला, खुब्याचं हाड मोडलं. माझ्या जाऊबाई वारून बरीच वर्षं झालेली, घरात एकटे. त्यांचा मुलगा खराडीला सॉफ्टवेअरमध्ये, तो आला आणि दवाखान्यातून परस्पर त्यांना अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घेऊन गेला. योग्यच केलं त्याने. मीच म्हटलं होतं, ने बाबा, माझ्या डोक्याचा ताप जाईल. निघताना भावोजींनी मला बजावलं, "डोण रोज भरायची. आणि पाळी मोडू द्यायची नाही." मी म्हटलं, मला दुसरे उद्योग नाहीत का. आणि दुसऱ्या दिवसापासून बादल्या ओतायला लागले.

दोनेक महिन्यांनी आम्ही त्यांना भेटायला गेलो. दार उघडता उघडता सून म्हणाली, "काकू, बाबा ना, एकदम चिल झालेत. अजिबात चिडत नाहीत, सो स्वीट." मला तिथेच धस्स झालं. भावोजी सोफ्यावर बसले होते. समोर पोहे होते, गार आणि फडफडीत, वर लिंबू नाही की खोबरं नाही. भावोजी म्हणाले, "छान झालेत." पेठेत असताना कोथिंबीर देठासकट चिरली म्हणून ताटावरून उठलेला माणूस हा. गॅलरीला जाळी लावलेली, तिथे कबूतरसुद्धा बसत नव्हतं. टीव्हीवर दोन माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि भावोजी आवाज बंद करून त्यांच्याकडे बघत होते. मुलगा म्हणाला, खाणं कमी झालंय, डॉक्टर म्हणतात वयानुसार असतं. वयानुसार म्हणे. संपत चालला होता हो माणूस, आणि त्याला ही मंडळी शांत झाला म्हणत होती.

विषय बदलायचा म्हणून मी सांगितलं, काल वानरांनी सकाळीच येऊन डोण अर्धी केली, मोर बिचारे बघत उभे. भावोजींची मान झटकन वर आली. "सकाळी? आणि तुम्ही काय करत होतात?" मी म्हटलं, पोळ्या. "पोळ्या थांबत नाहीत का? एक दिवस सूट दिलीत की टोळी डोक्यावर बसते. तो मोठा हुप्या होता ना, कान फाटलेला? मला माहीत होतं. नालायक आहे तो." पोह्यांची बशी त्यांनी बाजूला सारली आणि सुनेला विचारलं, "हे काय आहे?" मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी फोन करायला लागले. कोण पाळी सोडून आलं, कुणी काय नासलं, तिखटमीठ लावून सांगायचं. ते कडाडायचे आणि मग जेवायला बसायचे. सूनच म्हणाली, तुमचा फोन झाला की दोन भाकऱ्या जातात.

आणि नेमका तेव्हाच मागच्या डोंगराला जेसीबी लागला. बंगल्यांची कसली तरी योजना. आमच्या कुंपणापलीकडे या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा पत्रा उभा राहिला, माणसाहून उंच. मी जाऊन तिथल्या मॅनेजरला धरलं. तिशीचा पोरगा, हेल्मेट घातलेला. म्हणतो, "मॅडम, उलट तुमचा प्रॉब्लेम सॉल्व्ह झाला ना. डुकरांचा त्रास बंद." माझी रताळी उकरली जायची तेव्हा मी ज्या शिव्या गिळल्या होत्या, त्या सगळ्या त्या दिवशी बाहेर काढल्या. मला त्रास होता तर तो माझा होता. तू कोण टिकोजीराव तो बंद करणारा? तो नम्रपणे हसला आणि फोनवर बोलायला लागला. पत्रा तिथेच राहिला. आधी डुकरं बंद झाली, मग वानरं, मग मोरांचा आवाज लांब लांब जात गेला. मुंगूस तेवढं काही दिवस दिसलं, मग तेही नाही.

फोन मात्र मी बंद केला नाही. मी थापा मारायला लागले. आज डुकरीण आली, आज हुप्याने माठ फोडला, आज उदमांजर पपईवर चढलं. एकदा भर मार्चात मोर गच्चीवर पिसारा फुलवून नाचल्याचं सांगून बसले. "मार्चात?" पलीकडून आलं. मग भावोजी म्हणाले, "निर्लज्ज आहे तो. पहिल्यापासून." आणि माझा जीव भांड्यात पडला. डोण मी रोज भरत होते, का ते विचारू नका.

एका रविवारी काही न कळवता मुलगा त्यांना घेऊन आला. वॉकर टेकत ते थेट मागच्या पायरीवर गेले. मी चहाचा कप घेऊन मागे उभी. त्यांनी पत्रा बघितला. काठोकाठ भरलेली डोण बघितली. मग त्यांची नजर डोणीभोवतीच्या मातीवर गेली आणि तिथेच थांबली. माझ्या हातून सांडलेल्या पाण्याने माती छान ओली झाली होती, आणि तिच्यावर माझ्या चपलांखेरीज कशाचाही ठसा नव्हता. मी ओरडा खायच्या तयारीत होते. खरं तर मला तो हवाच होता. मग मीही त्या पत्र्यावर, त्या मॅनेजरवर, भावोजींच्या मोडलेल्या हाडावर, सगळ्यावर एकदाची ओरडले असते. भावोजींनी चहा घेतला. "साखर जास्त झालीय," म्हणाले, तेही पुटपुटल्यासारखं, आणि गाडीत जाऊन बसले.

संध्याकाळी मी फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करणार? मी भांडी आपटत होते, आमचे हे घाबरून बाहेर जाऊन बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. भावोजींनी आपणहून फोन करायची ही पहिलीच वेळ.

"आज फोन नाही?"

"भावोजी, तुम्ही बघितलंत ना सगळं."

"ते मी विचारलेलं नाही. आज पाळी सोडून कोण आलं होतं?"

मला असा राग आला त्या माणसाचा, असा राग आला की डोळ्यांतून पाणीच आलं. डोळे पुसून मी म्हटलं, "डुकरीण. मोरांच्या वेळेला. पिल्लं घेऊन."

"पिल्लं घेऊन?" भावोजी कडाडले. मागून सुनेचा आवाज आला, बाबा हळू, शेजारी ऐकतील. "ऐकू देत. काय धर्मशाळा आहे का ती? हाकलून द्या सगळ्यांना, आत्ताच्या आत्ता."

"देते," मी म्हटलं.

आणि फोन ठेवायला गेले.

"थांबा," ते म्हणाले. "आधी पाणी पिऊन होऊ देत."