आमच्या क्लबचे पहिले अध्यक्ष

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीच्या आमच्या कॉलेजात पॉवरलिफ्टिंग क्लब काढला तो एका आडदांड पोराने. वजनं नव्हती, म्हणून त्याने ट्रकच्या ॲक्सलला जांभ्याचे चिरे बांधले. तो शिंकला की भाट्याच्या खाडीतल्या होड्या हलत, हे मी स्वतः पाहिलंय. शर्टाची घडी करून माझ्या हातात द्यायची आणि ओरडायचं, "मेल्यांनो, पाठ सरळ ठेवा." आम्ही त्याला अध्यक्ष केलं आणि अध्यक्षच म्हणू लागलो, त्यामुळे नाव विचारायचं राहूनच गेलं. सायन्सवाल्यांना तो आर्ट्सचा वाटे, आर्ट्सवाल्यांना कॉमर्सचा.

पावसाळा तोंडावर आला. खोली मिळाली नाही तर क्लब बुडणार होता, म्हणून अध्यक्षांना पुढे घालून आम्ही प्राचार्यांकडे गेलो.

"कुठल्या वर्गात रे तू?" प्राचार्यांनी विचारलं.

"अजून प्रवेश घेतलेला नाही, सर. आधी क्लब नीट चालतो का, ते बघत होतो."

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मग आता घेणार का?"

"खोली बघून सांगतो."

प्राचार्यांनी मुकाट्याने खोलीची किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली. तिथे नक्की कोण कोणाला प्रवेश देत होतं, ते मला अजून उमगलेलं नाही.