पाळण्यातून थेट आमच्याकडे

हाडांच्या दवाखान्यात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून लंगडत येतात. पेशंट फोटो काढतो, पट्टा बांधून घेतो आणि फोटोची पिशवी काखेत मारून घरी जातो. किस्सा मात्र आमच्याकडेच राहतो.

मी तिथं फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे मोडलेलं जुळलं की ते परत हलवून घेणारी बाई. आखडलेला हात वर उचलताना माणूस गप्प बसूच शकत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच साठा झालाय.

सोलापुरात सात रस्त्याजवळ आमचा दवाखाना. जानेवारीत जत्रा भरते, मैदानात मोठे पाळणे उभे राहतात, आणि आमच्या बाकड्यांवर जागा उरत नाही. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत शहराबाहेरच्या पार्कातून दुसरी लाट येते. डॉक्टर म्हणतात, "लोकांना मजा करायची सवय नाही. वर्षाची एका दिवसात करायला जातात, मग मोडतं."

*

एक कापड दुकानदार आले. पन्नाशीचे, चांगले भारदस्त. मनगट टम्म सुजलेलं. बायको शेजारी तोंड फिरवून उभी.

"कसं झालं?"

"बाथरूममध्ये घसरलो."

हे ठरलेलं उत्तर. लहान मुलं खरं सांगतात. चाळिशीपुढचा माणूस पाळण्यात बसून पडलो असं मरेस्तोवर सांगत नाही. जानेवारीत सोलापुरातली सगळी बाथरूमं एकदमच निसरडी होतात.

आमच्या मल्लम्मा सिस्टर अक्कलकोटकडच्या. कधी हसत नाहीत, त्यामुळे त्यांचं बोलणं जास्त लागतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाथरूममधली लाइट गेलती काय?"

"नाही. का?"

"मग हे कशाला घातलाय?"

दुकानदारांच्या डोक्यावर लाल शिंगं लुकलुकत होती. जत्रेत मिळतात ती, बॅटरीवरची. घाईत काढायची राहून गेली होती. त्यांनी चांगल्या हातानं ती काढली, बटण बंद केलं आणि खिशात ठेवली.

"ब्रेकडान्सचा पाळणा," ते हळूच म्हणाले.

"दोनदा बसले," बायको म्हणाली.

*

आमच्याकडे हे सगळे फोटो काढतो तो विलास. एक्स-रेच्या खोलीतला माणूस. गोरागोमटा, बोलायला मऊ, आणि जगातल्या प्रत्येक वस्तूला घाबरणारा. त्याचा तरी काय दोष म्हणा. त्यानं माणूस नेहमी मोडलेलाच बघितलाय.

विलासची बायको अश्विनी मुलीला घेऊन शुक्रवार पेठेत आईकडे राहते. भांडण कशावरून झालं ते आम्हाला माहीत नाही आणि कुणी विचारलंही नाही. मुलगी ईश्वरी, चौथीतली. रविवारी सकाळी हा तिला आणतो आणि संध्याकाळी सोडतो. कोर्टकचेरी झालेली नाही, काही लिहून दिलेलं नाही. पोरीला यावंसं वाटतंय तोवर रविवार याचा, एवढंच. सोमवारी सकाळी विलासचं तोंड बघितलं की आदला दिवस कसा गेला ते सगळ्या दवाखान्याला कळतं.

आणि हा तिला नेणार कुठं? तर तलावावर. पाण्यापासून लांबच्या बाकावर बसायचं आणि बदकं बघायची. पोर म्हणायची, "बाबा, मोठा पाळणा." हा म्हणायचा, "पुढच्या वेळी." मी त्याला म्हटलं, "अरे, बदकं तरी किती वेळा बघेल ती? तिला आता त्यांची नावं पाठ झाली असतील." तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही शनिवारचे फोटो बघितले नाहीत."

*

अकलूजकडचं एक शेतकरी जोडपं आलं. मी माहेरची तिकडचीच, त्यामुळे बोली ऐकून बरं वाटलं. बोलत मात्र एकटा नवराच होता, कारण बाईंचं तोंड उघडं राहिलं होतं. जबडा निसटलेला. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि पदर तोंडावर धरलाय.

"त्या मोठ्या नावंत बसलो हुतो," नवरा सांगत होता. "नाव वर गेली की हिनं जी बोंब ठोकली! मी म्हनलं, अगं गप, लोकं बघाय लागल्यात. पर ऐकतीय व्हय? वरडून वरडून जबडाच सुटला बघा, डाक्टर. लई भित्री हाय."

बाई हातानं नको नको करत होत्या. नवरा आणखी रंगवून सांगत होता. आयुष्यात पहिल्यांदा मध्ये बोलायला कुणी नव्हतं त्याला.

डॉक्टरांनी अंगठे आत घातले, खाली दाबून मागं सरकवलं, आणि जबडा बसला. बाईंनी दोनदा तोंड मिटून बघितलं. मग नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "वरडत हे हुते, डाक्टर. मी नुस्ती जांभई दिली."

*

पण त्या जत्रेत मला सगळ्यात आवडल्या त्या एक सासू आणि सून.

दोघी टकराटकरीच्या गाड्यांत बसल्या होत्या, वेगवेगळ्या. दोघींच्या मानेला एकसारखे पट्टे. बाकड्यावर शेजारीशेजारी बसलेल्या, आणि मान वळत नाही म्हणून एकमेकींकडं बघायचीही सोय नाही. दोघी समोरच्या भिंतीशी बोलत होत्या.

"मुद्दाम आली माझ्या अंगावर," सासू भिंतीला म्हणाली.

"आत्याच उलट्या दिशेनं चालल्या होत्या," सून भिंतीला म्हणाली.

मानेच्या व्यायामाला दोघी एकाच रिक्षातून यायच्या. पहिले काही दिवस हेच. मग एकदा सून शेकायला आत गेली असताना सासूबाई मला म्हणाल्या, "लग्न होऊन इतकी वर्षं झाली, मी बोलायची आणि ही खाली बघून ऐकायची. मला वाटायचं, हिच्या मनात काहीच नाही. त्या गाडीत पहिल्यांदा हिनं उत्तर दिलं बघा. काय जोरात आली हो!" सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मलाही त्या दिवशी फार बरं वाटलं.

पट्टा निघाला त्या दिवशी त्यांनी विचारलं, "जत्रा उठली का हो?"

"उठली की. का?"

"माझी एक धडक राहिलीये."

*

आता डॉक्टरांचा किस्सा पण सांगते. त्यांनी हा वाचला तर मला काढून टाकतील.

उन्हाळ्यात नातू आला होता. त्याच्या हट्टासाठी हे पार्कातल्या पाण्याच्या घसरगुंडीवरून खाली आले. सोमवारी ओपीडी सुरू झाली तर डॉक्टर उभे. खुर्ची रिकामी आणि हे टेबलाशी उभे राहून पेशंट तपासतायत. मल्लम्मा सिस्टर म्हणाल्या, "सर, फोटो काढू या की."

"कशाचा फोटो? काही झालेलं नाही मला."

"माकडहाडाचा," सिस्टर म्हणाल्या.

आठवडाभर असंच चाललं. बाहेर एक म्हातारे बाबा आपल्या मुलाला सांगत होते, "हा डाक्टर लई मोठ्या मनाचा हाय बग. गरीब मानूस आत आला तरी उटून हुबा ऱ्हातो."

*

त्याच आठवड्यात सोमवारी विलास तोंड पाडून आला. दुपारी डबा उघडला आणि तसाच झाकला. मी खोदून विचारलं तेव्हा सांगितलं.

ईश्वरी म्हणाली होती, "बाबा, पुढच्या रविवारी मी मैत्रिणीकडे जाऊ का? तुमच्याकडे कंटाळा येतो."

"ती रागावून म्हणाली असती तर चाललं असतं," विलास म्हणाला. "तिनं परवानगी मागितली हो."

मल्लम्मा सिस्टर स्वतःचा डबा घेऊन त्याच्या समोर बसल्या. "विलास, ने की रे तिला. हाड मोडला तर आम्ही सगळे हितं बसलोय. पोरगी यायची बंद झाली तर त्याला कुठला पट्टा बांधणार?"

विलासनं झाकलेला डबा परत उघडला. मग म्हणाला, "पार्कात नेतो म्हणून सांगतो तिला."

*

आणि मग या बाबानं काय केलं? शनिवारी अर्धी रजा टाकून एकटाच पार्कात गेला, सगळे पाळणे तपासायला.

हे आम्हाला नंतर त्याच्याच तोंडून कळलं. सगळ्यांत आधी मुलांच्या फिरत्या कपबशीत बसला. बाकी कपबश्यांत आयांच्या मांडीवर लहान लहान पोरं, आणि मधल्या एका कपबशीत हा एकटा, गुडघे हनुवटीला लागलेले. मग ड्रॅगनमध्ये बसला. मग छोट्या रोलरकोस्टरमध्ये, आधी पुढच्या डब्यात, मग मागच्या. प्रत्येक पट्टा ओढून बघितला, दांडा हलवून बघितला. खाली उतरून ओकला, चूळ भरली आणि परत रांगेत उभा राहिला.

पाळणेवाला बराच वेळ बघत होता. शेवटी जवळ येऊन त्यानं विचारलं, "सायेब, एकलेच आलाय व्हय? पोरंबाळं कुटं हायत?"

विलास म्हणाला, "उद्या येणार आहे माझी."

पाळणेवाल्यानं पुढच्या फेरीला त्याच्याकडं तिकीट मागितलं नाही.

*

रविवारी संध्याकाळी सिस्टरचा फोन आला. त्या घाबरल्या की कानडीत जातात. मला एवढंच कळलं की विलास आणि दवाखाना. मी मागच्याच गल्लीत राहते. पायात सापडली ती चप्पल घालून पळाले.

बाकड्यावर विलास बसलेला, उजव्या हातानं डावं कोपर उचलून धरलेलं. ईश्वरी शेजारी उभी, दोघांच्या पाण्याच्या बाटल्या गळ्यात अडकवून. तिनंच रिक्षा थांबवली होती, तिनंच बाबांच्या मोबाइलवरून आईला फोन लावला होता. तिला काहीही झालेलं नव्हतं. खरचटलंसुद्धा नव्हतं.

"पाळण्यातून पडलास?" मी विचारलं.

"नाही, पाळण्यात काहीच झालं नाही," ईश्वरी म्हणाली. "बाबा एकदम छान बसले. ओरडले पण. मग आम्ही उतरत होतो. मी आधी उतरले आणि मागं वळून म्हटलं, बाबा, परत जायचं? तर ते माझ्याकडं बघून इतके हसले की पायरी बघितलीच नाही."

फोटो काढायला आत नेलं. बटण डॉक्टरांनी दाबायचं होतं, पण सवय जाते कुठं? मशीनसमोर स्वतः उभा राहून विलास स्वतःलाच म्हणाला, "हलू नका. श्वास रोखा." आणि रोखून धरला.

कॉलर बोन मोडलं होतं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला. ईश्वरीनं जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, "दुखतंय?"

"अजिबात नाही," विलास म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता आणि तोंड पांढरं पडलं होतं, पण इतका सुखी माणूस मी त्या दवाखान्यात दुसरा बघितला नाही.

मग बाहेर स्कूटी थांबल्याचा आवाज आला आणि त्याचं ते सुख एका क्षणात उतरलं. "गेला माझा रविवार," तो माझ्याशी पुटपुटला.

अश्विनी दारात आली. मी तिला त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. उंच, सडपातळ, हेल्मेट हातात तसंच. तिनं काही विचारायच्या आतच विलास बोलायला लागला. "तिला काही झालेलं नाही. पट्टा लावला होता. मी आदल्या दिवशी सगळं बघून आलो होतो. मीच पडलो, तेही उतरताना."

तिनं ते ऐकलं की नाही कुणास ठाऊक. ती सरळ ईश्वरीकडे गेली. दोन्ही हात चाचपले, मान फिरवून बघितली, वाकून पावलं दाबली. मी पेशंटला तपासते तसंच. मग उभी राहिली आणि म्हणाली, "चल."

ईश्वरी निघाली. दारापाशी वळून म्हणाली, "बाबा, पुढच्या रविवारी परत?"

सिस्टर कापसाचा डबा उगीच उघडझाप करत होत्या. विलास जमिनीकडं बघत होता.

"बाबांचा हात बरा होईपर्यंत बाबा खाली उभे राहतील," अश्विनी म्हणाली. "आपण दोघी बसू."

आणि ती मुलीचा हात धरून बाहेर पडली.

विलास तसाच बसून राहिला. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि मोठ्या आवाजात सूचना द्यायला सुरुवात केली, बहुतेक त्यांनाही काय करावं सुचेना म्हणून. "पट्टा काढायचा नाही. वजन उचलायचं नाही. आणि झोपताना उताणं, फक्त पाठीवर. कुशीवर वळायचं नाही, कळलं?"

"हो सर," विलास म्हणाला.

दार परत उघडलं. अश्विनी पायऱ्या उतरून गेली होती ती माघारी आली होती. हेल्मेट आता डोक्यावर होतं, त्याची काच तिनं वर केली.

"डॉक्टर," ती म्हणाली, "हे पालथे झोपतात."