परतीची बॅटरी

काळजी करायला काही कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या मामेसासऱ्यांना एकदा भेटावं. माझ्या बायकोचे हे मामा सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात राहतात, कचेरीतून निवृत्त झालेत आणि गॅस बंद केला की नाही हे पाहायला अर्ध्या वाटेतून रिक्षा परत फिरवतात. अशा माणसाने उजनीच्या पाण्यात नाव घालावी हे मलाही पटत नव्हतं. पण त्यांची थोरली बहीण, आक्का, पाण्यापलीकडच्या वाडीत एकटी राहते. तिचे गुडघे कामातून गेलेत. रस्त्याने जावं तर धरणाला एवढा वळसा पडतो, की मामांचा चहा पिऊन होतो न होतो तोच शेवटची एसटी हॉर्न वाजवते. म्हणून नाव. इंजिनाच्या धुराने मामांना दम लागतो, म्हणून विजेवरची छोटी मोटर, आणि मोटर आली म्हणून बॅटरी.

लेकीचं स्थळ पाहताना केली नसेल एवढी चौकशी मामांनी बॅटरीची केली. दुकानदार शेवटी कंटाळून म्हणाला, "काका, ट्रॅक्टरची बॅटरी एकदा दणका देऊन गप बसती. तुमाला तासन्‌तास दम धरणारी पायजे. इन्व्हर्टरची घ्या की." लिथियमची हलकी असते, पण ती पेटते असं मामांनी कुठेतरी ऐकलं होतं. तेव्हा इन्व्हर्टरची घेतली आणि ती उचलून माझी कंबर धरली. निघताना दुकानदार म्हणाला, "अर्ध्याच्या खाली उतरवू नका, लवकर मरती." हे त्याने बोलायला नको होतं. चार्जिंग चालू असलं की बॅटरीतून पेटणारा वायू निघतो, म्हणून त्या दिवशी घरात काडी ओढायची बंदी. सगळी दारं-खिडक्या सताड उघडी आणि ताटात कालची भाकरी आणि दही. "सवत आणली असती तरी चूल पेटली असती," मामी म्हणाल्या.

मामांचा हिशेब असा: अर्धी बॅटरी राखायची, उरलेल्या अर्धीतली अर्धी परतीसाठी. म्हणजे जायला उरली पाव, आणि आक्काची वाडी नेमकी त्या पावाच्या थोडी पलीकडे. तीनदा आम्ही निघालो, मी मीटर वाचायला आणि मामा घाबरायला. तीनदा काठावर आक्काचं हिरवं लुगडं दिसू लागलं आणि तीनदा मामांनी घाम पुसत "जावईबापू, पाव संपली," म्हणून नाव वळवली. पलीकडे चार्ज करू म्हटलं, तर "आणि तिथं लाईट नसली तर?"

चौथ्या खेपेला नाव वळता वळता मामांचा फोन वाजला. आक्का काठावरूनच बोलत होती, मलाही ऐकू येईल इतक्या मोठ्याने. "आप्पा, तोंड दिसलं रं तुजं. लई झालं. जा मागं आता, जिवाला घोर लावून घिऊ नगंस."

मामांनी डोक्यावरची टोपी काढून मीटरवर ठेवली आणि नाव सरळ धरली. मोटरचा आवाज मला उगाच बारीक होत चालल्यासारखा वाटत होता, पण टोपी उचलून पाहायची माझी हिंमत झाली नाही.

पोचलो. वाडीत लाईट नव्हती. "तरी मी म्हणत होतो," म्हणत मामा बॅटरी पायाशी आणि चार्जर मांडीवर घेऊन आक्काच्या घरातल्या बोर्डाशेजारी बसले ते उठेनात. आक्काने तिथेच भाकरी आणि शेंगाचटणी आणून दिली. सगळ्या भाच्यांची नावं घेऊन तिने चौकशी केली आणि दर थोड्या वेळाने म्हणायची, "यील की लाईट. कुटं जायाचंय तुला?"

दिवेलागणीला लाईट आली. वाडीतल्या पोरांनी ओरडा केला. मामा ताडकन उठले, पिन बोर्डात घालणार एवढ्यात त्यांचं लक्ष आक्काकडे गेलं. अख्ख्या वाडीत तेवढा एकच चेहरा उतरलेला होता. मग मामांनी वायर गुंडाळून पिशवीत ठेवली.

"उद्या लावतो," ते म्हणाले.

आक्का भिंतीला धरून उठली आणि कितीतरी वर्षांनी भावासाठी अंथरायला तिने वाकळ झटकली.