सामानापाशी कोण बसणार?

चार दिवस चाललो आणि त्यावर गेली तीन वर्षं बोलतोय. इथे लंडनजवळ पिनरला कुणाकडे गणपती असोत, बारसं असो की नुसतीच रविवारची मिसळ, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "मेधा, तो माचू पिचूचा किस्सा सांग ना." आता 'तो' म्हणजे कुठला, हे मलाही कळत नाही. किस्से फ्रिजमधल्या डब्यांसारखे साठत जातात, एक काढायला जावं तर मागून तीन निघतात. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं. मकरंद म्हणतो, मी तिखटमीठ लावून सांगते. लावते. पण पदार्थ मुळात खराच आहे.

गेलो होतो आम्ही चौघं. डॉक्टर बोंद्रेकाका, हाडांचे सर्जन, नुकतेच रिटायर झालेले. त्यांच्या पत्नी सुमनकाकू, त्यांनी वीस वर्षं काकांच्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये काढली. मकरंद, मूळचा नागपूरचा, बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअरमध्ये. आणि स्टॅनमोरची मी. माझ्या नवऱ्याचं मत असं, की डोंगर फोटोतच चांगले दिसतात. त्यामुळे तो मुलांना घेऊन घरी राहिला.

काकूंबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. आमचा ग्रुप कुठेही गेला, की काकू खाली बसत. स्नोडनला गेलो तेव्हा त्या पायथ्याच्या कॅफेत बसल्या. एडिंबराला किल्ल्याबाहेरच्या बाकावर. पॅरिसला टॉवरच्या पायाशी, आठ बॅगा आणि एक बाबागाडी घेऊन. "तुम्ही या जाऊन, मी आहे सामानापाशी." प्रत्येक मराठी घरात असं एक माणूस असतं आणि त्याला कुणी नेमलं, हे कुणीच विचारत नाही. लिहिताना मला लाज वाटते, कारण त्या आठ बॅगांत दोन माझ्या होत्या.

*

ट्रेक ठरला तो काकांच्या घरी. माचू पिचूच्या वाटेवर मनाला येईल तेव्हा जाऊन चालता येत नाही. परमिट लागतं आणि ते काही महिने आधी काढावं लागतं. काकांनी वही उघडून तीन नावं लिहिली, स्वतःचं, मकरंदचं आणि माझं.

"आणि काकू?" मी विचारलं.

"सुमन कुस्कोला हॉटेलात थांबेल. चार दिवस सामान कुणाच्या भरवशावर टाकायचं?"

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप एकेक करून सगळ्यांपुढे ठेवले आणि म्हणाल्या, "सामान हॉटेलवाले सांभाळतात. त्यांची वेगळी खोली आहे त्यासाठी. कुलपाची. मी परवा फोन करून विचारलं."

"पेरूला फोन केलास?"

"कॉलिंग कार्ड होतं. वहीत माझं नाव 'सुमन शरद बोंद्रे' असं लिहा, पासपोर्टवर तसंच आहे."

काकांनी लिहिलं. पण पुढचे पाच महिने भेटेल त्याला ते सांगत राहिले, की सुमन पहिल्या मोठ्या चढावरूनच परत फिरेल, आपण तयारी ठेवलेली बरी. काकू ते ऐकत आणि पुढची पोळी वाढत.

*

तयारी ज्याची त्याची वेगळी. काकांना तिची गरज वाटली नाही. "हजारो गुडघे उघडून पाहिलेत मी," म्हणाले, "मला गुडघ्याचं कुणी सांगू नये." काकू रोज संध्याकाळी हॅरोची टेकडी चढून उतरत. हे मला कळलं ते एकदा गाडीतून जाताना दिसल्या म्हणून. हात हलवला तर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मकरंदची पंचाईत अशी, की त्याला घराजवळ चढच मिळेना. त्यानं ऑफिसशेजारचा सात मजली कार पार्क पकडला. लंचमध्ये सूट काढून ट्रॅक पँट चढवायची, पाठीवर सॅक, सॅकमध्ये दहा किलो बासमती, आणि जिन्यानं वर-खाली, वर-खाली. चौथ्या दिवशी सिक्युरिटीवाल्यानं अडवलं. वयस्कर इंग्रज, अतिशय नम्र.

"सर, बॅगेत काय आहे ते बघू शकतो का?"

बॉम्बच्या धास्तीचे दिवस होते. मकरंदनं निमूटपणे चेन उघडली.

"तांदूळ," तो म्हणाला.

त्या माणसानं हात घालून मूठभर तांदूळ काढले, पाहिले, परत टाकले. "आणि हे तांदूळ कुठे चाललेत, सर?"

"पेरूला. म्हणजे तांदूळ नाही. मी."

गृहस्थांनी सॅकची चेन नीट लावून दिली. मग शांतपणे बोट दाखवून म्हणाले, "लिफ्ट त्या बाजूला आहे, सर."

*

ट्रेक सुरू होतो तिथे नदीकाठी एक चौकी आहे. पासपोर्टवरचा नंबर आणि परमिटवरचा नंबर जुळला तरच पूल ओलांडायला मिळतो. आम्ही तिघं ओलांडून पलीकडे उभे आणि मकरंद अलीकडेच.

झालं होतं असं, की परमिट काढलं तेव्हा त्याचा पासपोर्ट भारतीय होता. मधल्या काळात तो ब्रिटिश झाला, टाय लावून शपथबिपथ घेऊन आला, आम्हाला पेढे वाटले. फक्त हे परमिटवाल्यांना कळवायचं राहिलं. नवा पासपोर्ट, नवा नंबर. चौकीवरचा माणूस मान हलवत होता आणि आमचा गाईड एफ्राइन स्पॅनिशमध्ये त्याची समजूत काढत होता.

मकरंदनं सॅकमधून प्लास्टिकची फाइल काढली. कोपरा कापलेला रद्द झालेला जुना पासपोर्ट तिच्यात होता. पण तो सर्वांत तळाशी होता. त्याच्या वरती होतं लग्नाचं सर्टिफिकेट, तीन वर्क परमिटांची पत्रं, कौन्सिल टॅक्सची बिलं, जन्माचा दाखला आणि दहावीचं मार्कशीट. चौकीवाल्यानं एकेक कागद उजेडात धरून पाहिला. मार्कशीटवर तो बराच थांबला. त्यानं शेजारच्याला बोलावून दाखवलं. मग जुना पासपोर्ट आला, नंबर जुळला आणि शिक्का बसला.

पूल ओलांडल्यावर एफ्राइननं विचारलं, "डोंगर चढायला शाळेचे मार्क कशाला आणलेस?"

मकरंद म्हणाला, "सात वर्षं व्हिसावर काढली आहेत, भाऊ. कुठे काय मागतील सांगता येत नाही."

*

हमालांकडे द्यायच्या सामानाला माणशी सात किलोंची मर्यादा होती. कुस्कोत एफ्राइननं काट्याला लावून प्रत्येकाची पिशवी तोलली होती. काकूंची साडेसहा भरली. त्यात दीड किलोचा कुकर होता.

"एक स्वेटर कमी घेतला आणि कुकर आणला!" काकांनी कपाळाला हात लावला.

पहिल्या मुक्कामी पोचलो, तर आमचा आचारी दुपारपासून घेवड्याच्या दाण्यांशी झगडत होता. उंचीवर पाणी लवकर उकळतं, पण त्यात काही शिजत नाही. काकूंनी थोडा वेळ पाहिलं, तंबूतून कुकर आणला, दाणे त्यात ओतले आणि झाकण लावलं. भाषा एकही सामाईक नव्हती, पण आचाऱ्यानं मुकाट्यानं सरकून जागा दिली.

पहिली शिट्टी झाली तेव्हा दोन हमाल पातेलं टाकून पळाले. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या कॅम्पमधली जर्मन मंडळी बाहेर आली. त्यांना वाटलं, काहीतरी धोक्याची सूचना आहे. सगळे बूट घालून रांगेत उभे. एफ्राइननं जाऊन सांगितलं, की घेवडा शिजतोय.

दुसऱ्या दिवसापासून हमाल इतर सामानाला हात लावण्याआधी कुकर मागून घ्यायला लागले. काकूंनी तो शेवटी आचाऱ्यालाच देऊन टाकला. वर खुणेनं बजावलंही, रबर थंड पाण्यात ठेवत जा.

*

दुसरा दिवस खिंडीचा. चार हजार दोनशे मीटर. जिथून काकू परत फिरणार होत्या तो हाच चढ.

मी दर वीस पावलांना थांबत होते. मकरंदचं डोकं ठणकत होतं. काका पहिला तासभर सगळ्यांच्या पुढे होते, मग आमच्यात आले, मग दिसेनासे झाले, म्हणजे मागे. काकू एका चालीनं चालल्या होत्या, बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरी येणारी बाई चालते तशा. भराभर नाही आणि थांबतही नाही.

त्या खिंडीचं नाव 'डेड वुमन्स पास'. वरची डोंगराची कड उताण्या निजलेल्या बाईसारखी दिसते, म्हणून. एफ्राइननं हात लांबवून दाखवलं, हे कपाळ, ही छाती, हे पोट. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

काकूंनी डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. म्हणाल्या, "बाई जरा आडवी पडलेली दिसली, की लोकांना ती मेलीच वाटते."

मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं. एफ्राइन नऊ वर्षं त्या वाटेवर होता. तो खाली बसून हसला आणि पुढच्या ग्रुपांना सांगायला म्हणून त्यानं ते वाक्य माझ्याकडून वहीत लिहून घेतलं.

खिंडीपलीकडे दगडी पायऱ्यांचा लांबच लांब उतार आहे. तिथे काकांचा उजवा गुडघा गेला. आयुष्यभर पेशंटना 'उतरताना जपा' म्हणून सांगणारा माणूस एकेक पायरी आडवा होऊन उतरत होता. काकू एक पायरी खाली उभ्या राहून खांदा देत होत्या.

*

तिसऱ्या दिवशी ते कसेबसे चालले. मुक्कामावर पोचलो तेव्हा गुडघा नारळाएवढा सुजला होता. काकांनी तो स्वतःच दाबून पाहिला आणि स्वतःलाच निकाल सांगितला, "रेस्ट."

एफ्राइननं मार्ग काढला. काकांनी सकाळी त्याच्या मदतनिसाबरोबर सावकाश नदीकडे उतरायचं, तिथून ट्रेन, मग बसनं थेट माचू पिचूच्या अवशेषांच्या दरवाज्यापाशी. बाकीच्यांनी डोंगरावरच्या सूर्यद्वारातून चालत यायचं. अकराच्या सुमारास सगळे एकत्र.

मग त्यानं काकूंकडे पाहिलं. "सेन्योरा त्यांच्याबरोबर?"

मी आणि मकरंद आपापल्या बुटांकडे बघत बसलो. खरं सांगायचं तर आम्हाला उत्तर माहीत होतं आणि मला रडू येत होतं. अख्खी वाट चालून आलेली बाई शेवटच्या दोन तासांसाठी खाली जाणार. काकाही धरूनच चालले होते. "हो, सुमन येईल ना," म्हणाले, "तिचं काय, तिला बसनं काय आणि..."

काकू उठल्या. क्रेप बँडेज काढून त्यांनी काकांच्या गुडघ्याला बांधलं, अगदी नीट, खालून वर. गोळ्यांची डबी त्यांच्या खिशात ठेवली. "ही नाश्त्यानंतर, ही ट्रेनमध्ये. पाणी पीत राहा." मग माझ्याकडे वळून विचारलं, "आपल्याला किती वाजता निघायचंय?"



*

सूर्यद्वारापाशी पोचलो तेव्हा पुढे नुसतं धुकं. चार दिवस ज्याच्यासाठी चाललो ते समोर खाली कुठेतरी होतं आणि आम्हाला हातभरापलीकडचं दिसत नव्हतं. इतर ग्रुप आले, दहा मिनिटं थांबले, पांढऱ्या पडद्यापुढे फोटो काढून उतरायला लागले. एफ्राइनही म्हणाला, आज काही खरं नाही.

काकूंनी एक सपाट दगड शोधला, त्यावर रेनकोट अंथरला आणि बसल्या. "तुम्हाला घाई असेल तर व्हा पुढे. मला बसायची सवय आहे."

आम्हीही बसलो. जर्मन गेले. बाकीचेही गेले. असा पाऊण तास गेला. मग धुकं एका बाजूनं फाटलं आणि खाली सगळं दिसलं. पायऱ्या पायऱ्यांची हिरवी शेतं, छप्पर नसलेल्या भिंती, मागचा तो उभा सुळका. काकू उभ्या राहिल्या. मकरंदनं कॅमेरा पुढे केला तर त्यांनी हातानं बाजूला सारला, मध्ये येत होता.

उतरून दरवाज्यापाशी आलो. तिथून तिकीट दाखवून रीतसर आत जायचं असतं. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत आणि त्या ठेवायच्या खिडकीवर भलीमोठी रांग होती. काका कुठे दिसेनात. मग दिसले. भिंतीशी एका बाकावर, पाय लांब करून. त्यांच्या भोवती अकरा सॅक होत्या. लाल, निळ्या, एकीला झेंडा लावलेला.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

"ते जर्मन," काका म्हणाले. "मी इथे बसलेलोच होतो, तर म्हणाले, जरा लक्ष ठेवाल का. तास होऊन गेला." मग काकूंकडे बघून म्हणाले, "सुमन, मला पण आत यायचंय गं."

काकूंनी त्या अकरा सॅकवर एकदा नजर फिरवली. आपल्या पाठीवरची उतरवली, त्या अकरांच्या शेजारी नीट उभी करून ठेवली.

"या की," त्या म्हणाल्या. "ती मंडळी आपापलं घ्यायला आली, की लगेच या."

आणि तिकीट हातात घेऊन आत गेल्या.